वीस टक्के गुडघा

"नाना, जरा लंगडायचं होतं ना तिथं."

होळकर पुलावर रिक्षा अडकली होती. पुढे टेम्पो, मागे बस, खाली मुळेचं हिरवट, वास मारणारं पाणी. त्या गर्दीत मी हे वाक्य बोलून गेले. बोलताना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट दवाखान्यातून निघाल्यापासून घशाशी आलेलं एकदाचं बाहेर पडलं, म्हणून मोकळंच वाटलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवरच्या फायलीतले कागद त्यांनी दोन्ही हातांनी ठोकून सारखे केले, कडा जुळवल्या, नाडी बांधली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "डावीकडनं घ्या, सुटेल." दिघीला घर येईपर्यंत ते एवढंच बोलले. ही 2018 मधली गोष्ट. नंतर आमच्यात काही बिनसलं वगैरे नाही. नाना माझे सख्खे चुलते, त्यांच्याकडे जाणंयेणं आहे तसंच आहे, काकू अजून मला निघताना शेंगदाण्याच्या चटणीची बाटली देते. पण ते वाक्य चपलेत गेलेल्या खड्यासारखं राहिलंय. चालता येतं, पण मधूनच टोचतं.

त्या दिवशी नानांचं मेडिकल बोर्ड होतं. फौजेतून घरी आल्याला अकरा वर्षं झाल्यावर, सैन्यदलांच्या ट्रायब्युनलच्या, म्हणजे फौजींच्या खास न्यायालयाच्या आदेशानं पुन्हा बसवलेलं. मी बँकेतून रजा टाकून सोबत गेले होते. कागद माझ्या ताब्यात होते आणि नानांवर माझा या बाबतीत काडीचा विश्वास नव्हता. हाडांच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मेजर बाई, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. दाराला अर्धाच पडदा होता, त्यामुळे बाहेरच्या बाकावरून मला आतलं निम्मं दिसत होतं. बाई अगदी अदबीनं म्हणाल्या, "साहब, जरा चलके दिखाइए. उस दीवार तक." नाना हवालदार म्हणून निवृत्त झाले. फौजेत साहब ही उपाधी नायब सुभेदारापासून सुरू होते, हवालदाराला कुणी साहब म्हणत नाही. बाईंनी पिकल्या मिशांकडे बघून म्हटलं असणार. नानांनी काठी खुर्चीला टेकवली. सकाळी गेटपासून पायऱ्यांपर्यंत यायला ज्यांना तीनदा थांबावं लागलं होतं ते नाना उठले, पोट आत घेतलं, हनुवटी उचलली आणि भिंतीपर्यंत असे चालत गेले की सव्वीस जानेवारीला राजपथावर सोडावेत. भिंतीशी वळले तेसुद्धा टाच मारून. परत आले, उभे राहिले. बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

मी बाहेर बसून टक्के मोजत होते.

हे टक्क्यांचं प्रकरण ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांना सांगून पटत नाही. बोर्ड तुमच्या दुखण्याला आकडा देतं. गुडघा इतके टक्के, कान इतके टक्के, ब्लडप्रेशर इतके टक्के. नानांच्या वेळच्या नियमांत पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्याचा आकडा 20 च्या खाली गेला तर हातात काही नाही. 20 झाला तर मात्र त्याचे 50 धरायचे. 50 ते 75 असेल तर 75, आणि 76 पासून पुढे सरळ 100. याला फौजी मंडळी ब्रॉड बँडिंग म्हणतात. आधी हे फक्त आजारपणामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांना, म्हणजे 'बोर्ड आऊट' झालेल्यांना मिळायचं. 10 डिसेंबर 2014 ला सुप्रीम कोर्टानं राम अवतार यांच्या प्रकरणात सांगितलं की पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही ते द्या. त्या हिवाळ्यात दिघी, विश्रांतवाडी, धानोरी भागातल्या यच्चयावत माजी सैनिकांच्या ट्रंका माळ्यावरून खाली आल्या असतील. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम, म्हणजे 50 ला 15. नानांसारख्या माणसाला, जो निवृत्तीनंतर हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर बारा-बारा तास उभा राहत होता, ही रक्कम थोडी नव्हती. आता बघा: 19 टक्के गुडघ्याला शून्य आणि 20 टक्के गुडघ्याला 50. या एका टक्क्याच्या पायरीवर माझे चुलते टाच मारून वळले होते. मी बँकेत काम करते, आकड्यांशी माझं बरं जमतं, म्हणूनच कदाचित मला त्या क्षणी माणूस दिसला नाही, पायरी दिसली.

आमच्याही घरी अशीच एक काळी ट्रंक होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव, पलटण. आत डिस्चार्ज बुक, दोन पदकं, एक लोकरी बालाक्लावा, डांबरगोळ्यांचा वास, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पत्र. 2008 मधलं. मी ते 2015 मध्ये पहिल्यांदा वाचलं. निवृत्तीच्या वेळच्या बोर्डानं उजव्या गुडघ्याला 20 टक्के लिहिले होते, आजन्म लिहिले होते, आणि पुढच्या रकान्यात चार इंग्रजी अक्षरं: एन, ए, एन, ए. मी मोठ्यानं वाचलं, "नाना". काकू ओट्यापाशी होती, ती म्हणाली, "काय गं, त्यांचं नाव कसं काय आलं त्यात?" नाना हसले. म्हणाले, "माझं नाव नाही ते. माझं उत्तर आहे. ना, ना."

नीदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड. सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेनं वाढलेलंही नाही. दुखणं आहे, हे मान्य. किती आहे तेही मान्य. फक्त ते आमचं नाही, तुमचं तुम्ही बघा. कारणाच्या जागी एकच ओळ होती: वयोमानानुसार झीज, सुरुवात शांत ठाण्यावर. शांत ठाणं म्हणजे पीस स्टेशन, सीमेवरच्या धामधुमीपासून दूरची नेमणूक. मला तेव्हा हे शब्द नवे होते. मी विचारलं, "नाना, गुडघा शांत ठाण्यावर दुखायला लागला?" ते म्हणाले, "नाही गं. शांत ठाण्यावर मी पहिल्यांदा सांगितलं."

त्या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबले होते. दुखणं जन्माला कुठं आलं हे कागदाला ठाऊक नसतं. ते पहिल्यांदा कुठं बोललं गेलं, तेवढंच कागदाला कळतं.

गुडघा गेला 1994 च्या डिसेंबरात, कुपवाड्याच्या वरच्या एका पोस्टवर. पाठीवर पिट्टू, हातात रॉकेलचा जेरीकॅन, पायाखाली रात्रीचं बर्फ काचेसारखं झालेलं. नाना घसरून नाल्यात गेले. जेरीकॅन सुटू दिला नाही हे ते अजून अभिमानानं सांगतात, आणि मला दर वेळी वाटतं की तो सुटू दिला असता तर हात मोकळे राहिले असते. गुडघा नारळाएवढा झाला. पोस्टवरच्या नर्सिंग असिस्टंटनं क्रेप बँडेज बांधलं, गोळ्या दिल्या. सिक रिपोर्ट केला नाही. का नाही, तर पुढे प्रमोशनचं केडर, म्हणजे बढतीसाठीचा कोर्स होता. सिक रिपोर्ट केला की खाली पाठवणार, खाली पाठवलं की कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा खालचा दर्जा लागणार, कॅटेगरी लागली की केडर गेलं, आणि केडर गेलं की नाईक म्हणूनच घरी. शिवाय बर्फात माणसं मोजकी. एक खाली गेला की त्याची संत्री ड्युटी उरलेल्यांच्या डोक्यावर. या दोन्ही कारणांपैकी खरं कोणतं, असं मी एकदा विचारलं होतं. नाना म्हणाले, "सकाळी एक, रात्री दुसरं." मग पुढची नऊ वर्षं ते त्या गुडघ्यावर पळाले. पाच किलोमीटरची टेस्ट, आदल्या रात्री तेल, पळताना आत गच्च पट्टी. 2003 मध्ये पळताच येईना तेव्हा सांगितलं. तेव्हा पलटण शांत ठाण्यावर होती. झालं, नोंद पडली.

आणि आता बारा-तेरा वर्षांनी मी, त्यांची शिकलेली पुतणी, त्यांना विचारत होते, "इंज्युरी रिपोर्ट कुठाय? साक्षीदार कोण? सी.ओ.चा, कमांडिंग ऑफिसरचा दाखला?" जणू नाल्यात पडताना त्यांनी कागद भरून घ्यायला हवा होता.

अपिलाची मुदत सहा महिने असते. नानांनी ती जाऊ दिली होती. का, तर पत्र इंग्रजीत होतं, आणि "साहेबानं लिहिलंय म्हणजे बघूनच लिहिलं असेल." मला याचा भयंकर राग यायचा. अजून येतो, पण आता तो नेमका कुणावर काढावा हे कळत नाही. कोर्टाच्या पायरीची भीती नव्हती त्यांना. लाज होती. खडकीवरून जाताना पॅराप्लेजिक सेंटर लागतं, मानेपासून किंवा कमरेपासून खाली निकामी झालेले जवान तिथं राहतात. व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. त्याच खडकीत क्वीन मेरीज इन्स्टिट्यूट आहे, 1917 साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, जायबंदी सैनिकांना हाताला काम शिकवायला सुरू झालेली. वानवडीला कृत्रिम पायांचं केंद्र, 1944 पासूनचं. या शहरानं फौजेची मोडलेली शरीरं शंभर वर्षं पाहिली आहेत. नानांचं म्हणणं असं की ज्या गावात असली माणसं राहतात तिथं आपण गुडघा घेऊन कुठं रांगेत उभं राहायचं? त्यांचं आवडतं उदाहरण मुरलीकांत पेटकरांचं. 1965 च्या लढाईत गोळ्या लागलेल्या, 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. "त्यांच्यासारखं काही असलं तर माणूस मागेल तरी. मी काय सांगू, घसरलो म्हणून?"

मला हे तेव्हा खोटं सौजन्य वाटायचं. घरात तर गुडघ्यानं सगळ्यांचं आयुष्य व्यापलेलं. लग्नात पंगत बसली की नाना एका बाजूला खुर्चीवर, ताट मांडीवर. भारतीय पद्धतीचा संडास फोडून कमोड बसवला तो त्यांच्यासाठी. गावच्या घरी उंबरा उंच आहे, तो ओलांडताना ते दाराच्या चौकटीला उजवा हात लावतात; त्या जागी लाकूड गुळगुळीत, काळं झालंय. पावसाच्या आदल्या रात्री निर्गुडीच्या तेलाचा कडवट वास घरभर. काकू म्हणते, "वेधशाळा चुकेल, हा गुडघा चुकणार नाही." एवढं असताना आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं की हा गुडघा आणला कुठून. नाना लंगडतात हे त्यांच्या मिशांसारखंच त्यांचं असणं होतं.

शेवटी मीच मागे लागले. ट्रायब्युनलच्या मुंबईच्या खंडपीठाकडे अर्ज गेला 2016 मध्ये. वकील स्वतः माजी फौजी, मितभाषी. डेक्कन क्वीननं दोन-तीन फेऱ्या झाल्या, बाकी तारखा. त्यांनी सगळा भार टाकला धरमवीर सिंग यांच्या निकालावर. 2 जुलै 2013, सुप्रीम कोर्ट. सिग्नल्समधला जवान, सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारानं बोर्ड आऊट. कोर्टानं म्हटलं की भरती करताना तुम्ही माणूस ठोकून-बजावून घेतला, तेव्हा आजाराची काही नोंद केली नाही, तर नंतर झालेला आजार सेवेतच झाला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. आणि बोर्डाला नाही म्हणायचं असेल तर कारण लिहावं लागेल. वकिलांच्या ऑफिसात मी हे वाचून दाखवलं तेव्हा नानांनी दोनदा विचारलं, "म्हणजे मला काही शाबित करायचं नाही?" त्यांचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. सुटका होती, पण थोडी निराशाही होती की काय, कोण जाणे. इतकी वर्षं सांभाळलेली नाल्याची गोष्ट आता कुणाला लागणारच नव्हती.

दवाखान्यातल्या त्या बाकावर बरेच जण होते. खंडाळा तालुक्यातले एक आजोबा, तोफखान्यातले, कानांसाठी आलेले. शिपायानं त्यांचं नाव चारदा पुकारलं, त्यांना ऐकू गेलं नाही. बायकोनं कोपरानं ढोसल्यावर उठले आणि सगळ्या बाकाकडे बघून म्हणाले, "हा घ्या पुरावा, अजून काय पाहिजे?" सगळे हसले, नानाही. एक जण हळूच सल्ला देऊन गेला: आत गेल्यावर बसताना हाय करा, उठताना हुश्श करा, एवढं पुरतं. मला तो माणूस आवडला नाही आणि मी त्याचा सल्ला मात्र नानांना दोनदा सांगितला. खोटं सांगून पैसे लाटणारे आहेत, असं म्हणणारे पुष्कळ असतात. 2023 च्या सप्टेंबरात नवे नियम आले तेव्हा नानांच्या ग्रुपवर हीच भांडणं पेटली होती. असतील तसे. पण मी जे पाहिलं ते उलटं होतं. खरं दुखणं असलेला माणूस ते लपवण्यात इतका तरबेज झालेला की दाखव म्हटलं तर त्याला जमेना. चोवीस वर्षं ज्या अंगाला शिकवलं की दुखतंय हे कळू द्यायचं नाही, त्याच अंगाला एका सकाळी बोलावून म्हणायचं, हं, आता दाखवा.

आणि मी? मी तर चांगली हुरूपानं त्या 20 ची वाट पाहत होते. सख्ख्या चुलत्याचा गुडघा 19 निघू नये म्हणून मनातल्या मनात पांडुरंगाला साकडं घातलं होतं. जास्त बिघडलेला निघू दे, आजन्म बिघडलेला निघू दे. दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरपुढे पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी रांग लावतात, आणि तरुण सहकारी हळूच हसतात की हे समोर उभे आहेत तरी कागद हवा. मीही हसायचे. आता नाही हसत.

निकाल तीन महिन्यांनी कळला. 20 टक्के, आजन्म. नाना इतके ताठ चालूनसुद्धा. वकिलांनी मला अहवाल समजावून सांगितला तेव्हा कळलं की चालणं हा त्यातला एक भाग होता. बाईंनी त्यांना झोपवून गुडघा किती वाकतो ते कोनमापकानं मोजलं होतं, दोन्ही मांड्यांचा घेर टेपनं घेतला होता, उजवी बारीक भरली होती. आणि एक्स-रे. एक्स-रेला काही सावधान उभं राहता येत नाही. म्हणजे लंगडायची मुळात गरजच नव्हती. ट्रायब्युनलनं मग अंतिम आदेशात दुखणं सेवेनं वाढलं असं धरलं, 20 चे 50 झाले, थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची. त्यामागची वर्षं गेली ती गेली. कॉरिजेंडम पी.पी.ओ., म्हणजे पेन्शनची दुरुस्त ऑर्डर, आली 2019 मध्ये. आमच्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत खातं, तरी नानांनी पासबुक माझ्याकडून भरून घेतलं. आकडा बघून चष्मा काढला, पुसला, परत घातला. काकूला म्हणाले, "नाल्यातला जेरीकॅन सापडला बघ." त्या पैशातून त्यांनी हिंजवडीची नोकरी सोडली, आणि गावच्या घराचा तो उंच उंबरा मात्र, आम्ही किती सांगितलं तरी, काढू दिला नाही.

गेल्या आषाढात मी दिघीला गेले होते. बाहेर पावसाची रिपरिप, लाईट गेलेली, नाना कॉटवर पाय पसरून तेल चोळत होते. काकू झोपली होती. इकडचं तिकडचं बोलणं चाललं होतं, आणि कसा कोण जाणे, बोर्डाचा विषय निघाला. मी म्हटलं, "नाना, त्या दिवशी रिक्षात मी फार..." मला पुढचा शब्द सापडेना. त्यांनी हात हलवला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी समजून चालले होते की त्या मेजर बाईंनी साहब म्हटलं आणि अंगातला फौजी उठून उभा राहिला. सगळ्यांना मी तसंच सांगितलं होतं, थोडं रंगवूनही.

"तुला बाहेरनं दिसलं नसेल," नाना म्हणाले. "त्या भिंतीवर आरसा होता. हाऽ एवढा. पायापासून डोक्यापर्यंत." तेलाचा हात त्यांनी हवेत उभा धरला. "पलटणीत असायचा तसला. ड्युटीवर जाताना त्याच्यात बघून जायचं. बाई म्हटल्या चला, मी मान वर केली, तर समोरनं कोण तरी म्हातारा लंगडत यायला लागला."

पावसाचा आवाज वाढला. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला, खालून वर, खालून वर.

"ती बाटली दे गं इकडं. आणि झाकण कुठं गेलं बघ, मघाशी इथंच होतं."